तिच्या केसांची चौकशी

केमोच्या फेऱ्या संपवून एखादी शिक्षिका माजलगावच्या किंवा गेवराईच्या शाळेत पुन्हा रुजू होते, तेव्हा हजेरीपटावर सही करायच्या आधीच सगळ्यांची नजर तिच्या डोक्यावर गेलेली असते. आधी भांगाकडे, मग कानामागच्या बटांकडे. दोन-चार दिवस कुणी बोलत नाही. मग मधल्या सुट्टीत डबा खाताना एखादी विचारतेच, "मॅडम, केस तुमचेच आहेत ना हो?" किंवा बँकेच्या काउंटरवर पैसे मोजणाऱ्या बाईला पासबुक पुढे सरकवत खातेदार म्हणतो, "ताई, विग लावलाय का?" बस स्टँडवर शेजारी बसलेली अनोळखी मावशी तर सरळ हातच लावून बघते.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं, हे मला मान्य आहे. तरीही हा प्रश्न थांबला पाहिजे असं मला वाटतं, आणि तो कसा थांबवायचा याबद्दल हा लेख आहे. तो विचारणाऱ्यांसाठी आहे आणि जिला विचारलं जातं तिच्यासाठीही.

आपल्या बीड जिल्ह्यात आजार लपून राहत नाही. घरातलं माणूस बार्शीला नेलं म्हटलं की ऐकणाऱ्याला नर्गिस दत्त रुग्णालय समजतं. संभाजीनगर म्हटलं की शासकीय कर्करोग रुग्णालय, मुंबई म्हटलं की टाटा. वाड्यावस्तीपर्यंत बातमी पोचायला एक दिवसही लागत नाही. म्हणजे केस खरे आहेत का असं विचारणाऱ्याला उत्तर बहुधा माहीत असतं. त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं असतं. ती बाई मात्र त्याच वेळी वर्गावर जायला निघालेली असते, हातात खडू असतो, डोक्यात आजचा धडा असतो. तेवढ्यात तिला पुन्हा रुग्ण व्हावं लागतं. पाच-सहा महिने ती रुग्णच होती. शाळेत ती शिक्षिका व्हायला आलेली असते.

बाईचं बिनकेसांचं डोकं आपल्याकडे नुसतं डोकं राहत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. विधवेचे केस उतरवण्याची रूढी आपल्याच समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालली. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही असं ठरवलं. पंडिता रमाबाईंनी त्याच्या आदल्या वर्षी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं होतं. रूढी संपली, पण तिची सावली शब्दांत राहिली. 'बोडकी' ही आजही शिवी म्हणूनच वापरतात. त्यामुळे नवरा शेजारी उभा असतानाही केमोने केस गेलेली बाई आरशात बघते तेव्हा तिला आजाराबरोबर ही जुनी भीतीही दिसते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आपल्याला बोलावतील का, लग्नात ओवाळायला पुढे करतील का, हे प्रश्न तिच्या मनात येतात. ती ते कुणाला बोलून दाखवत नाही. शेजारणींनो, तिला आमंत्रण द्यायला स्वतः जा. "तुला बरं नसेल म्हणून बोलावलं नाही" ही सबब चालवू नका. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

खोट्या केसांचं आपल्याला कधीच वावडं नव्हतं. गंगावण तर आपल्या आज्यांच्या पेटीत असायचंच. वेणी बारीक झाली की त्यात ते गुंफायचं, अंबाडा लहान वाटला की त्याने भरायचा, आणि त्याची चर्चा कुणी करत नसे. बालगंधर्व रंगभूमीवर टोप घालून स्त्री म्हणून उभे राहत, तेव्हा त्यांचा अंबाडा आणि त्यातली फुलं बघून घरंदाज बायका तशीच केशरचना करू लागल्या होत्या. आजही लग्नाच्या हंगामात पार्लरमध्ये नवरीच्या केसांत किती केस बाहेरचे असतात, हे वऱ्हाडातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. नवरीला कुणी विचारत नाही. म्हणजे कुतूहल केसांबद्दल नाहीच, ते आजाराबद्दल आहे. आणि आजाराची हकीकत कुणाला, कधी, किती सांगायची हा अधिकार आजारी माणसाचा असतो.

या बाबतीत बीडच्या बायकांनी आधीच पुष्कळ सोसलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ते गरजेचंच होतं. पण त्या काळात कितीतरी बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल चारचौघांत, कॅमेऱ्यापुढे बोलावं लागलं. चांगल्या हेतूने विचारलेला प्रश्नही बाईला उघडं पाडू शकतो, हे आपल्या जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आता आधी विचारणाऱ्यांशी बोलते.

सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे विचारू नका. तिच्या केसांबद्दल काही म्हणायचंच नाही. "किती छान दिसतात, अगदी खऱ्यासारखे!" ही स्तुतीही करू नका, कारण त्यातही तोच प्रश्न दडलेला आहे. तिच्याशी बोलताना डोळ्यांकडे बघा. कामावर परतलेल्या सहकारिणीला म्हणायचंच असेल तर म्हणा, "आलात, बरं वाटलं. चौथीचा वर्ग तुमची वाट बघतोय." एवढं पुरतं. मदत करायची असेल तर ती कामातून करा. पहिले काही आठवडे तिला जिने चढायला लावू नका, परीक्षेच्या कामाचा भार वाटून घ्या, सर्दी-खोकला असेल तर तिच्यापासून लांब बसा. केमोनंतर रोगप्रतिकारशक्ती सावरायला वेळ लागतो. त्या काळात केसांच्या चौकशीपेक्षा तुमचं लांब बसणं तिच्या जास्त उपयोगाचं आहे.

हात लावू नका. हे वेगळं लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लावला जातो. जवळची असो वा अनोळखी, बाईच्या डोक्याला तिच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. टोप आतल्या बाजूने चिकटपट्टीने किंवा बारीक क्लिपांनी बसवलेला असतो. एका ओढीने तो सरकतो आणि मग ती बाई सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी डोकं धरून उभी राहते. लग्नाच्या मांडवात गंमत म्हणून केस ओढणाऱ्या नणंदा-भावजयांनी हे नीट लक्षात ठेवावं.

उपाय सुचवू नका. कांद्याचा रस, लिंबू, जास्वंदीचं तेल, कुणाच्या मामाने दिलेली जडीबुटी, यातलं काहीही केमो चालू असताना डोक्याला लावायचं नसतं. त्वचा त्या काळात नाजूक झालेली असते आणि साधी जखमही चिघळू शकते. पोटात घ्यायची औषधं तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाहीत, मग ती कितीही 'नैसर्गिक' असोत.

तुम्ही खरोखर जवळच्या असाल, म्हणजे बहीण, जाऊ, जिवाची मैत्रीण, तर गप्प राहणंही कधी कधी तिला एकटं पाडतं. अशा वेळी प्रश्न केसांचा करू नका. "तुला काही सांगावंसं वाटलं तर मी आहे" असं एकदा म्हणा आणि विषय सोडून द्या. ती सांगेल तेव्हा ऐका. आणि ऐकलेलं घरी जाऊन नवऱ्याला, सासूला, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटाला सांगू नका.

मुलं विचारणारच. वर्गातला सातवीचा मुलगा "मॅडम, तुमचे केस कुठे गेले?" असं सरळ विचारतो, आणि बहुतेक बायका त्या प्रश्नाने दुखावत नाहीत, कारण त्यात लपवाछपवी नसते. तरी पालकांनी घरी एकदा सांगावं की औषधामुळे काहींचे केस जातात, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि केसांवरून कुणाला हसायचं नाही. मुख्याध्यापकांनी किंवा शाखा व्यवस्थापकांनी ती रुजू होण्याआधी तिला खासगीत विचारावं, "स्टाफला काही सांगू का? किती सांगू?" ती म्हणाली "काही नको", तर काही नको.

आता तुमच्याशी, ज्या उपचार घेत आहात किंवा घेणार आहात.

पहिल्यांदा डॉक्टरांना विचारा की माझ्या औषधांनी केस जातात का. सगळ्याच औषधांनी जात नाहीत. स्तनाच्या कर्करोगात सर्रास दिलं जाणारं 'लाल औषध', म्हणजे डॉक्सोरुबिसिन, आणि पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल या औषधांनी बहुतेकींचे केस जातात. काही औषधांनी केस फक्त विरळ होतात. किरणोपचाराने केस जातात ते जिथे किरण दिले त्याच भागातले, त्यामुळे छातीला किरण दिले तर डोक्यावरचे केस तसेच राहतात.

केस जायला लागतात ते साधारण पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी. उशीवर, न्हाणीत, कंगव्यात पुंजके येतात. त्याआधी दोन दिवस टाळू दुखल्यासारखी वाटते. हे आधी माहीत असलं तर धक्का कमी बसतो. म्हणून पहिल्या केमोच्या आधीच केस खांद्यापर्यंत कापून घ्या. लांब केस गळताना गुंततात आणि जास्त ओढ बसते. पूर्ण काढायचे झाले तर वस्तरा वापरू नका, ट्रिमर वापरा. पांढऱ्या पेशी कमी असताना वस्तऱ्याचा बारीकसा कापही महागात पडतो. पार्लरमध्ये जायला संकोच वाटत असेल तर घरी बोलवा. गावातली ओळखीची पार्लरवाली ताई आनंदाने येते.

भुवया आणि पापण्याही काहींच्या जातात. त्याची तयारी कमी जणींची असते, आणि खरं म्हणजे चेहरा त्याने जास्त बदलतो. भुवयांसाठी साधी पेन्सिल पुरते. बाहेर जाताना चष्मा लावा, धूळ डोळ्यांत जात नाही.

टोप घ्यायचा असेल तर केस असतानाच बघायला जा. तुमचा एक जुना फोटो आणि केसांची एक बट बरोबर न्या, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. कृत्रिम धाग्याचा टोप स्वस्त असतो, आकार टिकवतो, पण रोज घातला तर काही महिन्यांतच रया जाते. मानवी केसांचा महाग, पण वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतो आणि तेल-कंगवा सोसतो. आमच्याकडच्या बायकांना मी एक गोष्ट हात जोडून सांगते: कृत्रिम टोप घालून चुलीपुढे, गॅसपुढे, वाफाळत्या कुकरपुढे बसू नका. धागा आचेने आखडतो, वितळतो, पुढच्या बटा करपतात, आणि भाजण्याचा धोका वेगळाच. स्वयंपाक करताना टोप काढा आणि सुती रुमाल बांधा.

मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा टोप तापतो, खाली घाम साचतो, खाज येते. त्याच्या आत पातळ सुती टोपी घाला. दोन-तीन असू द्या, रोज धुऊन बदला. दुपारी घरी आलात की टोप उतरवा, डोकं साध्या पाण्याने पुसा आणि हवा लागू द्या. टोप गार पाण्यात सौम्य शाम्पूने धुवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही. वाळायला उलट्या ठेवलेल्या डब्यावर सावलीत ठेवायचा. आणि उघड्या टाळूला ऊन फार लवकर भाजतं, तेव्हा टोप नसेल तर छत्री, स्कार्फ, काहीतरी हवंच.

टोप घातलाच पाहिजे असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. गावाकडे डोक्यावर पदर घेणाऱ्या बाईला त्याची गरजही भासत नाही. स्कूटीवरून जाणाऱ्या मुली तर वर्षभर चेहरा आणि डोकं स्कार्फने गुंडाळूनच असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने डोक्यावर मोळी उचलायची आणि वर टोप सांभाळायचा, हे शक्यच नाही. तिला मऊ सुती फडकं बरं. तिच्यासाठी केसांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे: दिवाळीच्या सुमाराला टोळी निघाली म्हणून केमोच्या उरलेल्या फेऱ्या सोडू नका. कारखान्यावर जायचंच असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, जवळच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. योजनेत कोणती रुग्णालयं येतात ते १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं. टोपाचा खर्च मात्र वेगळा धरून ठेवा. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या माणसाला सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

उत्तरं आधी ठरवून ठेवा. ऐन वेळी सुचत नाहीत, आणि मग नको तेवढं सांगितलं जातं किंवा रडू येतं. एकच उत्तर सगळ्यांना द्यायची गरज नाही. अनोळखी माणसाला "व्हय, माझेच हायेत, पैसे देऊन घेतलेत" असं म्हणून विषय तोडता येतो. सहकाऱ्याला "तब्येतीबद्दल मी कामाच्या ठिकाणी बोलत नाही, समजून घ्या" असं शांतपणे सांगता येतं. वयाने मोठ्या बाईला तोडून बोलणं आपल्याला जमत नाही. तेव्हा "मावशी, ते राहू द्या, तुमचे गुडघे कसे आहेत?" असं म्हणा. आणि ज्यांना खरं सांगावंसं वाटतं त्यांना खरं सांगा. गप्प राहिलात किंवा थाप मारलीत तर त्यात काही पाप नाही. तुमच्या आजाराचा हिशेब तुम्ही कुणाला देणं लागत नाही. कुणी हात पुढे केला तर एक पाऊल मागे सरा आणि "हात लावू नका" असं स्पष्ट म्हणा. आवाज चढला तरी चालेल.

चौकशीची दुसरी फेरी येते ती केस परत आल्यावर, आणि तिची कल्पना बहुतेकींना नसते. शेवटच्या केमोनंतर एक ते तीन महिन्यांत बारीक लव दिसू लागते, मग महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच्या वेगाने केस वाढतात. ते पुष्कळदा पूर्वीसारखे नसतात. सरळ केस होते तिथे कुरळे येतात, काळे होते तिथे करडे येतात. मग टोप काढून स्वतःचे आखूड कुरळे केस घेऊन बाई बाहेर पडते, तेव्हा लोक नेमके याच केसांबद्दल विचारतात की हे खरे का. बहुतेकींचा केसांचा पोत वर्ष-दीड वर्षात पुन्हा बदलतो, काहींचा कायम राहतो. दोन्हींत काळजीचं कारण नाही. डोसेटॅक्सेलनंतर क्वचित काहींचे केस पूर्ण येत नाहीत. सहा महिन्यांनंतरही वाढ नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

केस जाण्याचं कारण कर्करोगच असतं असं नाही. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, रक्तातलं लोह कमी होणं यांनीही दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि पुन्हा येतात. चाई हा प्रतिकारशक्तीच्या गोंधळाने होणारा आजार आहे. त्यात रुपयाएवढे गोल पट्टे पडतात, कधी सगळं डोकं जातं. तो संसर्गजन्य नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवा. मांत्रिकाकडे किंवा जाहिरातीतल्या तेलाकडे जाऊ नका.

बुलढाणा जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत जे झालं ते आपण टीव्हीवर बघितलं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत मुळासकट हातात येऊ लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. मूळचे मराठवाड्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण कारण कळायच्या आधीच बातम्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हटलं, आणि त्या गावांतल्या माणसांना लोक टाळू लागले. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे सर्वाधिक हाल झाले. केस गेले ते गव्हातल्या एखाद्या द्रव्याने असतील, पण माणसं तुटली ती आपल्या जिभांमुळे.

'केस खरे आहेत का' हाच प्रश्न जगात सगळ्यात जास्त कुणाला विचारला जात असेल तर कृष्णवर्णीय स्त्रियांना. त्यांच्यातल्या बहुतेकींचे केस घट्ट कुरळे असतात. बारीक वेण्या घालायला तासन्‌तास लागतात, त्यात बरेचदा बाहेरचे केस गुंफतात, कधी टोप घालतात, कधी सगळं मोकळं सोडतात. दर वेळी कार्यालयात कुणीतरी विचारतं, हे तुझे खरे आहेत का, हात लावून बघू का? त्या विचारण्यामागे मोठा इतिहास आहे. १७८६ साली स्पॅनिश अंमल असलेल्या लुइझियानात गव्हर्नर मिरोने हुकूम काढला की स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांनी केस कापडाखाली झाकावेत. त्यांनी ते कापड इतकं देखणं बांधलं की हुकूमच फिका पडला. पण केसांवरून नोकरी नाकारणं पुढेही चालूच राहिलं. ते थांबवायला कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला, आणि पुढे अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. अमेरिकी संसदेच्या सदस्य आयाना प्रेस्ली आपल्या वेण्यांमुळे ओळखल्या जात. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी टोप काढून कॅमेऱ्यासमोर सांगितलं की चाईने आपले सगळे केस गेले आहेत. त्यांनी ते सांगितलं, कारण त्यांना सांगायचं होतं.

हे आपल्यापासून दूर नाही. आपली मुलं पुण्याला, संभाजीनगरला शिकायला जातात आणि आफ्रिकेतून आलेल्या मुली त्यांच्या वर्गात असतात. ज्या संभाजीनगरला ती जातात ते शहर खडकी या नावाने १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलं. तो इथिओपियातून गुलाम म्हणून आला होता आणि खुलताबादला त्याची कबर आहे. कुरळ्या केसांची माणसं मराठवाड्याला चारशे वर्षांपासून माहीत आहेत. तेव्हा मुलामुलींना सांगून पाठवा: तिच्या वेण्यांना हात लावायचा नाही, खऱ्या का खोट्या ते विचारायचं नाही, मागून फोटो काढायचा नाही. मैत्री झाली आणि तिने स्वतःहून विषय काढला तर आवडीने ऐकायचं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या लेकी-सुनांनाही हेच लागू आहे. तिथे कुणी आपल्या कुंकवाबद्दल रोज विचारलं तर कसं वाटेल, एवढं आठवलं तरी पुरे. आणि आपल्याच घरातल्या कुरळ्या केसांच्या पोरीला 'मॅगी' म्हणून चिडवणं आधी बंद करा.

या सगळ्या बायकांना जोडणारा एक धागा आपल्या दारातूनच जातो. गल्लीत केसवाल्याची आरोळी येते आणि आपण साठवलेली गुंतवळ देऊन भांडं किंवा फुगे घेतो. ती गुंतवळ व्यापाऱ्यांकडून कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे जाते. तिथे बायका बोटांनी एकेक केस सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, आणि मग ते केस परदेशात टोपांचा कच्चा माल म्हणून जातात. न्यूयॉर्कच्या एखाद्या कार्यालयात जिच्या केसांबद्दल 'खरे का' विचारलं जातंय, ते केस केजच्या एखाद्या आजीचेही असू शकतात.

केस द्यायचे असतील तर कर्करुग्णांसाठीही देता येतात. मुंबईतला मदत ट्रस्टचा 'कोप विथ कॅन्सर' उपक्रम दान केलेल्या केसांचे टोप गरजू रुग्णांना मोफत देतो. किमान बारा इंच लांबी लागते. एका टोपाला अनेकींचे केस लागतात, तेव्हा एकाच गावातल्या मैत्रिणींनी मिळून दिले तर उत्तम. कापण्याआधी केस धुवा, तेल लावू नका, पूर्ण वाळू द्या. वेणी घालून दोन्ही टोकांना घट्ट रबर लावा आणि वरच्या रबराच्या वर कात्री चालवा. जमिनीवर पडलेले केस गोळा करून पाठवू नका, त्यांची दिशा उलटसुलट होते आणि ते वापरता येत नाहीत. पाठवण्याआधी ट्रस्टकडून सध्याचे नियम विचारून घ्या. पावसाळ्यात पाठवत असाल तर वेणी आधी दोन दिवस घरात मोकळी टांगून ठेवा. किंचित ओल राहिली तरी पाकिटात बुरशी धरते आणि सगळे केस वाया जातात.